डेस्कटॉपची सजावट

डेस्कटॉपची सजावट : संगणकाच्या पडद्याचे कारखान्यातून आलेले रूप वापरणाऱ्याने आपल्या गरजेप्रमाणे किंवा हौसेप्रमाणे बदलणे. पार्श्वचित्र (वॉलपेपर), रंग, फॉन्ट, आयकॉन, कर्सर, खिडक्यांच्या चौकटी, टास्कबार आणि सूचनांचे आवाज हे सगळे तिच्यात येते. यांतले काही बदल प्रणाली बनवणाऱ्यानेच सेटिंगमध्ये मांडून ठेवलेले असतात, तर काही त्याला न विचारता, प्रणालीच्या फाइलींत हात घालून केले जातात. कोणता बदल परवानगीचा आणि कोणता चोरवाटेचा, ही सीमा गेली चाळीस वर्षे सतत सरकत आली आहे.

पालो अल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७३ साली तयार झालेल्या ‘अल्टो’ संगणकावर माउस आणि खिडक्या होत्या. पडदा म्हणजे कचेरीतले टेबल, ही मांडणी १९८१ च्या ‘झेरॉक्स स्टार’ने बाजारात आणली. सजावटीची सोय मात्र सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती ठळकपणे आली ती १९८४ च्या मॅकिंटॉशमुळे. त्याचे आयकॉन सुझन केअर यांनी काढले होते. त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ८ × ८ ठिपक्यांचा एक चौकोन असे. प्रत्येक ठिपका काळा हवा की पांढरा एवढेच ठरवायचे, की तोच चौकोन पडदाभर उमटे. ६४ ठिपक्यांना स्मृती लागे अवघी ८ बाइट, आणि १२८ किलोबाइटच्या त्या यंत्राला यापेक्षा मोठी हौस परवडणारीही नव्हती.

विंडोजमध्ये वॉलपेपर आला तो १९९० च्या ३.० आवृत्तीबरोबर. त्या काळच्या ६४० × ४८० ठिपक्यांच्या, २५६ रंगांच्या पडद्याला पुरेल असे एक चित्र सुमारे ३०० किलोबाइट जागा खाई. यंत्राची एकूण स्मृती दोन-चार मेगाबाइट असताना ही उधळपट्टीच ठरे, म्हणून छोटे चित्र फरशीसारखे शेजारी शेजारी मांडून पडदा भरण्याची पद्धत पडली. ३.१ आवृत्तीतील तयार रंगसंगतींपैकी ‘हॉट डॉग स्टँड’ ही भडक लाल-पिवळी जोडी डोळ्यांना त्रास देण्याबद्दलच आजही ओळखली जाते. १९९५ साली ‘मायक्रोसॉफ्ट प्लस’ या वेगळ्या विकत घ्याव्या लागणाऱ्या पुडक्यातून चित्र, आवाज, कर्सर आणि आयकॉन यांचा एकत्र संच आला आणि ‘थीम’ हा शब्द घरोघरी पोचला. पडद्याची नळी एकाच चित्राने डागाळू नये म्हणून निघालेले स्क्रीनसेव्हरही याच सुमारास निव्वळ करमणूक बनले होते. ‘आफ्टर डार्क’मधले पंख लावून उडणारे टोस्टर (१९८९) हे त्यांतले सर्वांत गाजलेले.

रंग बदलण्यामागची यंत्रणा साधी होती आणि तत्त्वतः आजही तीच आहे. शीर्षकपट्टी, बटणाचा पृष्ठभाग, मजकूर, पार्श्वभूमी अशा प्रत्येक भागाला प्रणाली एक क्रमांक देते आणि त्या क्रमांकाचा रंग एका यादीत ठेवते. प्रोग्रॅमने यादीतून रंग मागून घ्यायचा. ज्या प्रोग्रॅमरने यादी न पाहता ‘मजकूर काळा’ असे परस्पर ठरवून टाकले, त्याच्या खिडकीत पार्श्वभूमी काळी केली की काहीच वाचता येत नाही. आजच्या डार्क मोडमध्ये एखाद्या अॅपमधली अक्षरे अंधारात बुडतात त्याचे कारण हेच. ही शिस्त पाळली गेली नाही, तर त्याचा पहिला फटका अंधूक दृष्टीच्या माणसाला बसतो. त्याच्यासाठी ठळक विरोधी रंगांची योजना (हाय कॉन्ट्रास्ट) ही हौस नसून संगणक वापरता येण्याची अटच आहे. डार्क मोडने वीज वाचते हा समज मात्र अर्धाच खरा. ओएलईडी पडद्यावर काळा ठिपका विझलेलाच असतो, त्यामुळे तिथे बचत होते. साध्या एलसीडी पडद्यामागचा दिवा पडद्यावर काहीही असले तरी जळतच राहतो.

सजावटीचा भराचा काळ १९९७ ते २००५ हा धरावा. १९९७ साली निघालेल्या ‘विनअँप’ या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमने आपले रूप ‘स्किन’ म्हणून बाहेर उघडे करून ठेवले. स्किन म्हणजे काही चित्रफाइलींचे एक झिप गाठोडे होते. रंगकामाचा साधा प्रोग्रॅम येणाऱ्या कोणालाही ते उकलून, रंगवून, पुन्हा बांधता येई, आणि प्रोग्रॅमिंगचे एक अक्षर न येणारी हजारो पोरे पडद्यासाठी चित्रे काढू लागली. २००० च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ‘डेव्हियंटआर्ट’ या संकेतस्थळाचा आरंभीचा मोठा भाग अशाच स्किन आणि वॉलपेपरनी भरलेला होता. ज्यांचे एवढ्याने भागेना, ते ‘लाइटस्टेप’ लावून विंडोजचा अख्खा डेस्कटॉपच बदलत. विंडोज ९५ मध्ये त्यासाठी सिस्टिम फाइलीतील ‘शेल’ची एक ओळ बदलणे पुरे होई. स्टारडॉक कंपनीच्या ‘विंडोब्लाइंड्स’ने चौकटी आणि बटणे रंगवण्याचा रीतसर धंदाच उभा केला.

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने दिले बरेच आणि रोखलेही बरेच. चौकटींचे रूप आता वेगळ्या फाइलीत होते, म्हणजे ते बदलता येण्याजोगे होते. पण त्या फाइलीवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही नसेल तर प्रणाली ती स्वीकारत नसे, आणि सही असलेली रूपे निळे, ऑलिव्ह हिरवे आणि रुपेरी या रंगांच्या पलीकडे फारशी जात नव्हती. हौशी मंडळींनी सही तपासणारी ‘यूएक्सथीम’ ही फाइलच दुरुस्त करून टाकली. तिची दुरुस्त प्रत सीडीवरून हातोहात फिरली आणि सुरक्षा-अद्यतन आले की बिघडलीही. याच प्रणालीबरोबर आलेले ‘ब्लिस’ हे हिरव्या टेकडीचे चित्र संगणकाने काढलेले आहे असे अनेकांना वाटे. ते चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात फिल्मवर टिपलेले छायाचित्र आहे.

सजावट हे शिक्षेचे आणि किमतीचेही साधन होऊ शकते, हे पुढच्या काही वर्षांत दिसले. २००८ मध्ये एक्सपीची प्रत अस्सल नसल्याचे आढळले तर पार्श्वभूमी काळी होऊ लागली. वापरणाऱ्याने आपले चित्र परत लावले तरी तासाभराने पुन्हा काळोख. २००९ च्या विंडोज ७ ची ‘स्टार्टर’ ही स्वस्त आवृत्ती छोट्या नेटबुकवर रीतसर पैसे मोजून मिळे, तरी तिच्यात वॉलपेपर बदलण्याची सोय नव्हती. काळ्या पडद्यात निदान चाचेगिरीला आळा घालण्याचे तर्कशास्त्र तरी होते. स्टार्टरमध्ये शुद्ध कंजूषपणा होता. २०१२ च्या विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढले, लोकांनी ‘क्लासिक शेल’ किंवा ‘स्टार्ट८’ लावून मेनूसकट ते परत आणले, आणि पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण तेवढे अधिकृतपणे परतले. टास्कबार पडद्याच्या कोणत्याही कडेला नेण्याची विंडोज ९५ पासूनची मुभा विंडोज ११ ने २०२१ मध्ये बंद केली. अॅपलची वाट याहून सरळ होती : १९९० च्या दशकात ‘कॅलिडोस्कोप’सारख्या प्रोग्रॅमनी मॅकचे रूप पालटता येई, पण २०१५ पासून प्रणालीच्या फाइलींना कुलूप लागले आणि विषय बहुतांशी मिटला.

युनिक्सच्या जगात गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली. एमआयटीत १९८४ साली जन्मलेल्या एक्स विंडो प्रणालीने खिडकी कशी दिसावी हे मुळी ठरवलेच नाही. चौकट काढणारा प्रोग्रॅम (विंडो मॅनेजर) वेगळा, आणि तो ज्याचा त्याने निवडायचा. परिणाम असा की एकाच पडद्यावरचे चार प्रोग्रॅम चार घरचे वाटत. मातियास एट्रिश यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये केडीई या एकसंध डेस्कटॉपची घोषणा केली ती या बजबजपुरीला कंटाळूनच. १९९७ साली ग्नोमही निघाले. २००६ मध्ये ‘कंपिझ’ या विंडो मॅनेजरने डेस्कटॉप घनाच्या बाजूंवर चिकटवून गरगरा फिरवून दाखवला. त्याचा कामासाठी उपयोग शून्य, पण युनिक्सच्या धाटणीच्या लिनक्सकडे वळलेल्या अनेकांच्या डोळ्यांत प्रथम भरला तो हाच घन.

पुढे केडीई आणि ग्नोम यांचे रस्ते फुटले. केडीईच्या ‘प्लाझ्मा’त जवळजवळ सगळे बदलता येते. ग्नोमच्या अॅपकारांनी मात्र २०१९ मध्ये जाहीर पत्र लिहून लिनक्सच्या वितरकांना विनंती केली, की आमच्या अॅपवर तुमच्या थीम परस्पर चढवू नका. अॅप मोडते आणि तक्रार आमच्याकडे येते. त्यांची बाजू बिनतोड आहे. तरीही विनंती वितरकांना केलेली आहे आणि यंत्राच्या मालकाला ती लागू नाही, हा फरक दोन्हीकडचे भांडखोर सोयीने विसरतात.

सजावटीतला धोका बहुतेकांना ठाऊक नसतो. थीम म्हणजे निरुपद्रवी चित्रे, हे विनअँपच्या झिप गाठोड्याबाबत बव्हंशी खरे होते. आजच्या थीममध्ये चालणारा कोड असू शकतो. मार्च २०२४ मध्ये प्लाझ्माची एक ‘ग्लोबल थीम’ बसवताच एका वापरकर्त्याच्या फाइली पुसल्या गेल्या आणि केडीईला सावधगिरीची सूचना काढावी लागली. अनोळखी थीम बसवण्याआधी फाइलींची दुसरी प्रत काढून ठेवणे, हा एवढाच इलाज भरवशाचा आहे.

मराठी वापरकर्त्यासाठी या विषयात एक खास खाचखळगा आहे, तो अक्षरांचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले आहेत. संगणकांवरचे पुष्कळ देवनागरी फॉन्ट मात्र आपणहून हिंदी वळणाचा दंडयुक्त ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’ दाखवतात. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना सांकेतांक एकच असल्याने फरक फॉन्टच्या आत सोडवावा लागतो. लोहित देवनागरी, नोटो सान्स देवनागरी यांसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरे दडलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे प्रणालीने सांगितले तरच ती बाहेर येतात. लिनक्सवर भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी निवडून असा फॉन्ट लावला की मेनू आणि फाइलींची नावे मराठी वळणात उमटतात. भाषा इंग्रजी किंवा हिंदी ठेवली तर तोच फॉन्ट हिंदी वळण देतो. रोज मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याने वॉलपेपर शोधण्याआधी हे एक सेटिंग तपासून घ्यावे.