लोकर कुणाची, भाव कुणाचा?



स्वेटर विणून झाला की थोडी लोकर उरतेच. त्यातून दुसरा स्वेटर होत नाही, पण जाळीचा स्कार्फ होतो. सुईवर धागा घेऊन भोक पाडायचं आणि शेजारचे दोन टाके एकत्र विणायचे. टाके तेवढेच राहतात, लोकर मात्र कमी लागते. हा स्कार्फ विकायचं ठरलं की वीण अडत नाही, अडतो तो भाव. म्हणून आज आम्ही शेटलंडच्या बायकांची हकिकत सांगणार आहोत.

शेटलंड ही स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटं. वारा एवढा की तिथं झाडं फारशी वाढत नाहीत. पुरुष मासेमारीला आणि जहाजांवर जात. घर, शेत, जनावरं बायकांच्या अंगावर. तिथली मेंढी लहानखुरी, पण लोकर मऊ. उन्हाळा लागला की ती सुटू लागते, तेव्हा कात्री न लावता हातानंच उपटून घेत. मानेजवळची सगळ्यात मऊ लोकर जाळीच्या शालीसाठी बाजूला ठेवत. ती इतकी बारीक कातत की अख्खी शाल अंगठीतून ओढून काढता येई. नेच्याचं पान, समुद्राची लाट, मांजराचं पाऊल अशा नक्ष्या असत. पाठीवर जळणाची पाटी घेऊन चालतानाही हात विणतच असत. कमरेच्या चामडी पट्ट्यात एक सुई खोचली की काम भागे.

राणी व्हिक्टोरियाच्या काळात या शाली मोठ्या घरांतून मिरवू लागल्या. पण विणणारीच्या हातात काय पडत होतं?

रोख पैसे क्वचितच. व्यापारी शाल घेई आणि बदल्यात दुकानातला माल देई, बहुतेक वेळा चहा नाहीतर कापड. घरात पीठ नाही, भाडं थकलंय, पण हातात चहाची पुडी! मग तीच पुडी शेजारीपाजारी देऊन बायका पीठ-बटाटे मिळवत. शालीचा भाव व्यापारी ठरवी आणि चहाचाही तोच. म्हणजे दोन्ही बाजूंनी तोच कमवी.

१८७२ साली सरकारनं याची चौकशी केली. लर्विक गावात विणणाऱ्या बायका अधिकाऱ्यासमोर आल्या आणि आपले व्यवहार सांगितले. त्यांचे जबाब अहवालात छापले गेले, म्हणून तर ते आज आपल्याला कळतात. त्यातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. विणकामाच्या बदल्यात चहा मिळे, कापड मिळे, पण सूत मागितलं की दुकानदार म्हणे, ते रोखीनंच मिळेल. आता रोख आणायची कुठून? ज्यांच्याकडे स्वतःची मेंढी, स्वतःची कातलेली लोकर होती, त्या निदान दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाऊ शकत. व्यापाऱ्याच्या लोकरीवर विणणारीला ती वाटच नव्हती.

१८८७ साली कायद्यात सुधारणा झाली आणि घरी विणणाऱ्या बायकांनाही मोबदला रोखीनं देण्याचं बंधन आलं. तरी जुनी चाल लगेच सुटली नाही. कायदा कागदावर येतो. दुकानाच्या फळीपाशी उभं राहून तो मागावा लागतो.

आपल्या देशातही असंच घडलं. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरच्या बायका पिढ्यान् पिढ्या सुईनं लेस विणतात, ती परदेशी जाते. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी त्यांच्यावर लिहिलेलं पुस्तक १९८२ साली आलं. दिवसाचे कितीतरी तास विणूनही त्या बायकांना कामगार म्हणून कुणी मोजत नव्हतं. घरात बसून रिकामा वेळ घालवतात, असंच समजत. काम मोजलं नाही की मजुरीही मोजली जात नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. उरलेली लोकर फुकटची समजू नका. तिचं वजन करा आणि किंमत मांडा. स्कार्फला किती तास लागले ते वहीत लिहा. लोकर, तास, धुऊन ताणून वाळवणं, गाडीभाडं, हे सगळं धरून गटाच्या बैठकीत भाव ठरवा. व्यापाऱ्यानं लोकर दिली तर किती दिली आणि मजुरी काय ठरली, ते त्याच दिवशी लिहून घ्या. बदल्यात साडी नको, भांडं नको. पैसे खात्यावर घ्या. आणि लोकर खरेदीसाठी गटाच्या बचतीतून थोडी रक्कम बाजूला ठेवा. धागा आपला असला की नाही म्हणायची ताकद आपल्याकडे राहते.