शाळेच्या बँडात नाव घालण्याचा प्रश्न

जून महिन्यात शाळा उघडल्या की पहिल्या पंधरवड्यातच ड्रिल मास्तर वर्गावर येतात आणि विचारतात, "बँडात कोण कोण येणार?" हात पुष्कळ वर होतात. दुसऱ्या दिवशी घरची संमती घेऊन येणारी मुले मात्र निम्मीही नसतात. मधल्या एका रात्रीत घरोघरी जे बोलणे होते ते कोणी लिहून ठेवीत नाही, आणि ते इतिहासाचा विषय आहे असेही कोणास वाटत नाही. आम्हांस तसे वाटते. आमच्या बेळगाव-निपाणी भागातील जुन्या मराठी घरांना तरी हा प्रश्न कधीच केवळ वाद्याचा नव्हता. वाजवणे हे कोणाचे काम, वाजवताना हुकूम कोणाचा आणि आपले वाद्य कोणाच्या मिरवणुकीत, असे तीन प्रश्न त्या एका रात्रीत पुढे येत. त्यांची उत्तरे पिढीगणिक बदलत गेली, ती कशी, हे येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

हिंडलगे गाव बेळगावच्या कॅम्पाला लागून, वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर. त्यामुळे येथील मुलांना बिगुल शिकवावा लागत नसे, तो पहाटे आपोआप कानी पडे. मराठा रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण, 'जंगी पलटण', १७६८ सालची. 'काळी पाचवी' या नावाने ओळखल्या गेलेल्या पलटणीने १८४० मध्ये बलुचिस्तानात काहूनचा वेढा झुंजवला आणि त्या कामगिरीबद्दल तिला 'लाइट इन्फंट्री' हा किताब मिळाला. या किताबाचा आणि आमच्या विषयाचा संबंध आहे. लाइट इन्फंट्रीचे शिपाई विखरून, झाडाझुडपांच्या आडोशाने लढत. दाट रांगांना ढोल पुरे, पण विखुरलेल्या शिपायांपर्यंत हुकूम पोचवायचा तर बिगुलच हवा. म्हणून बिगुल हे तेथे शोभेचे वाद्य नव्हते, ती हुकुमाची भाषा होती. उठणे, जेवणे, पुढे सरकणे, थांबणे या सर्वांचे सूर वेगळे. आमच्या गावच्या म्हाताऱ्या बाया घड्याळाविना या सुरांवर चुली पेटवीत.

असे असूनही, मुलाने बँडात जावे का, असे विचारताच याच बायांच्या कपाळाला आठी पडे. कारण पलटणीच्या आधीचे होते. गावगाड्यात वाजवणे हे ठरावीक जातींच्या माथी आलेले काम. देवळात गुरव, लग्नात घडशी, आमच्या भागात सनईला कोरवी, हलगीला मांग, काही गावांत होलार. लग्नात वऱ्हाड त्यांच्या मागून चाले, पण जेवणाच्या पंक्तीत त्यांना जागा नसे. ज्याच्या वाद्यावाचून मंगल कार्य होत नाही तो मंडपाबाहेर, ही आमच्या समाजाची रीत. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने जेव्हा गावकीची सक्तीची कामे सोडण्याचा आग्रह धरला, तेव्हा अनेक गावांतील हलगी थांबली, आणि ती का थांबली हे सवर्णांना कळेपर्यंत बराच काळ गेला. तात्पर्य, 'आपल्या घरात कोणी वाजंत्री झाला नाही' हे आजीचे वाक्य संगीताविषयी नव्हतेच, ते पंक्तीविषयी होते.

ही आठी पुसली ती गणवेशाने. तोच ढोल खाकी कपड्यांवर, पांढऱ्या पट्ट्याने गळ्यात अडकवला की तो 'बँड' झाला आणि वाजवणारा मुलगा शिपायासारखा दिसू लागला. इंग्रजी वाद्यमेळाला ही प्रतिष्ठा आमच्या राजघराण्यांनी फार पूर्वीच दिली होती. तंजावरच्या सरफोजीराजांनी (१७७७-१८३२) आपल्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा बाळगला होता; त्यांच्या संग्रहातील पाश्चात्त्य संगीताच्या प्रती सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. कावेरीकाठी जाऊन राहिलेल्या मराठी घराण्याने मराठी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी सूर एका वाड्यात नांदवले, ही गोष्ट परप्रांतात मुळे रुजवलेल्या आपल्यासारख्यांनी विसरू नये. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली, आणि संगीत हे शाळेत, वर्गात बसून, स्वरलिपीवरून शिकण्याची विद्या ठरली. शाळेच्या बँडाची खरी पायाभरणी आम्ही तेथे मानतो. इंग्रजांच्या छावणीत नव्हे.

बडोद्याचेच प्रा. माणिकराव यांचे नावही येथे घेतले पाहिजे. जुम्मादादा व्यायाममंदिरात त्यांनी सांघिक कवायतीला देशी भाषेतील आज्ञा दिल्या. मूळची लेझीम म्हणजे लोखंडी साखळीचे जड धनुष्य, तिरंदाजांच्या तालमीचे साधन. तिचे हलके, झांजा लावलेले रूप शाळांच्या मैदानावर आले तेव्हा 'वाजवणे' आणि 'व्यायाम' यांमधली भिंत पडली. लेझीम खेळणाऱ्याला कोणी वाजंत्री म्हणाले नाही. आमच्या भागात तर वैशाखातील पारंपरिक शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक लेझीम आणि झांजपथकावाचून कोणी कल्पूही शकत नाही.

मग शिकवणारे कोण होते? बेळगाव गोव्याला जवळ. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवण्याची परंपरा कित्येक शतकांची. तेथून निघालेले वादक इंग्रजी पलटणींच्या, संस्थानांच्या आणि पोलिसांच्या बँडांत गेले. पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीचा वाद्यवृंद बव्हंशी त्यांच्याच खांद्यावर उभा राहिला. सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस ही नावे जाणकारांस परिचित आहेत. कॅम्पातल्या गोवेकर मास्तरांकडे, किंवा पलटणीतून निवृत्त झालेल्या वादकाकडे, आमच्या शाळांनी आपली मुले सोपवली. त्यांच्या नावाची पाटी कोणत्याही शाळेच्या भिंतीवर आमच्या पाहण्यात आली नाही. देणगीदारांच्या पाट्या मात्र प्रत्येक खोलीवर आहेत. असो.

बँड ही गंमतीची वस्तू नव्हे याचा मोठा पुरावा राष्ट्रगीताच्या निवडीत मिळतो. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत जे निवेदन केले, त्यात 'जन गण मन'च्या बाजूने एक मुद्दा असा होता की त्याची चाल वाद्यवृंदावर आणि लष्करी बँडवर वाजवण्यास योग्य आहे. 'वंदे मातरम्'चे तसे नाही. हा आक्षेप खोडून काढण्याचा ध्यास आपल्या मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनी घेतला. भास्करबुवा बखल्यांचा हा शिष्य, नाट्यसंगीत आणि चित्रपटसंगीत गाजवलेला कलावंत, त्या काळात 'वंदे मातरम्' बँडवर कसे बसेल यासाठी झटत होता. त्यांनी संचलनास अनुकूल चाल बांधली आणि दिल्लीत जाऊन संविधान सभेच्या सदस्यांना ती ऐकवली. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय 'जन गण मन'च्या बाजूने जाहीर झाला आणि 'वंदे मातरम्'ला समान मान देण्यात आला. मास्तर हरले असे आम्ही म्हणणार नाही. पण पावलांना कोणती चाल मिळते यावर एखाद्या गीताचे भवितव्य अवलंबून असते, हे त्यांनी ओळखले होते. २०२२ च्या जानेवारीत दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट समारंभातून 'अबाइड विथ मी' ही धून काढून तिच्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगो' आली, तेव्हाचा वाद आठवला तरी हेच ध्यानात येईल.

आता तिसरा प्रश्न, मिरवणुकीचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवसापासून १ नोव्हेंबर ही तारीख येथे दोन तऱ्हांनी पाळली जाते. शासनाच्या दृष्टीने राज्योत्सव: ध्वजवंदन, संचलन, शाळांची पथके. सीमाभागातील मराठी माणसाच्या दृष्टीने काळा दिन: काळे कपडे, दंडावर काळी फीत, मूक सायकल फेरी. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने नाकारला; २००४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. हा सर्व तपशील वाचकांस मुखोद्गत आहे. १९८६ च्या जूनमधील कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबारास बळी पडलेल्यांचे स्मारक तर आमच्या हिंडलग्यातच आहे. तेथे दरवर्षी १ जूनला अभिवादन होते, आणि शाळाही त्याच सुमारास उघडतात. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला बँड वाजवण्यास कोणत्याच घराची ना नव्हती. पण बँडात नाव घातलेल्या मुलाला वर्षातून तीन संचलने असत, आणि तिसरे एक नोव्हेंबरचे.

१९७३ च्या जूनमध्ये आम्ही आठवीत होतो. आजीचे म्हणणे, "वाजंत्र्यांगत पुढं वाजवत जाणार काय रे?" पलटणीतून पेन्शनवर आलेले चुलते आमच्या बाजूचे. त्यांचे मत असे की ज्याला पाऊल जुळवता येते त्याला भरतीत कोणी हाकलीत नाही. वडील बराच वेळ बोलले नाहीत, मग त्यांनी एवढेच विचारले, "एक नोव्हेंबरला काय करणार?" शेवटी नाव घालावे, पण त्या दिवसापुरती पालकांची चिठ्ठी द्यावी, असे ठरले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्याचे नाव बदलून कर्नाटक झाले, त्यामुळे समारंभ नेहमीपेक्षा मोठा होता. आमच्यासह चौघांच्या चिठ्ठ्या गेल्या. शाळेने त्या मुकाट्याने घेतल्या, कोणी रागावले नाही. पुढल्या जूनमध्ये मात्र आमच्या गळ्यात साइड ड्रम आला नाही, हाती झांज आली. उरलेल्या तिघांचेही तेच झाले. कारण कोणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

पुढे राज्य शासनाच्या नोकरीत तीस वर्षांहून अधिक काळ काढला, आणि १ नोव्हेंबरच्या ध्वजवंदनास कर्तव्य म्हणून उभे राहिलो. समोरून शाळांची पथके जात. त्यांत अनेक मुले मराठी घरांतली असत. ती हुकमासरशी मान वळवीत, आणि त्यांचे बाप त्याच वेळी गावात काळी फीत लावून सायकलवर असत, हे आम्हांस ठाऊक असे. कित्येकदा बाप आणि मुलगा सकाळी एकाच घरातून बाहेर पडलेले असत. यास कोणी दुटप्पीपणा म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. ज्या शाळेत रोज जायचे तिच्या रांगेत उभे राहणे आणि ज्या भाषेत जन्मलो तिच्यासाठी बाहेर पडणे, ही दोन्ही ऋणे एकाच घराने फेडायची तर ती अशी वाटून घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते. 'वाद्याला भाषा नसते' असे सभांमधून सांगितले जाते. वाद्याला नसेलही. मिरवणुकीला असते, आणि तेराव्या वर्षी मुलाला ती बरोबर कळते. म्हणून आमचे आजही असे मत आहे की शाळेने नाव घेतानाच वर्षातली सर्व संचलने पालकांना सांगावीत, आणि चिठ्ठी देणाऱ्या मुलाचे वाद्य काढून घेऊ नये.

मुलींचा उल्लेख आतापर्यंत आला नाही, कारण आमच्या काळी त्यांना कोणी विचारलेच नाही. बदल पुण्याकडून आला. आप्पा पेंडसे यांच्या ज्ञानप्रबोधिनीने १९७० च्या दशकात विद्यार्थ्यांची ढोल-बरची पथके गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत उतरवली आणि त्यात मुलींचे पथकही काढले. शाळेच्या शिस्तीत शिकलेली मुलगी कमरेला ढोल बांधून भर रस्त्यात उभी राहिली, तेव्हा जुन्या तिन्ही प्रश्नांची मांडणीच बदलली. आता पुण्यात पथकात जागा मिळावी म्हणून आई-बाप आपण होऊन विचारणा करतात, आणि त्यांत ज्यांच्या आजीने आमच्या आजीसारखीच आठी घातली असेल अशी घरे पुष्कळ असतील. मात्र ज्या मांग, कोरवी, होलार वादकांच्या हातून हे ठेके उतरले, त्यांची मुले या पथकांत किती असतात, याची चौकशी करण्यासारखी आहे.

आमच्या भागातही आता मुली बँडात आहेत. ऑगस्टात शाळेचा साइड ड्रम आणि भाद्रपदात गल्लीच्या झांजपथकातला ढोल, असे दोन्ही एकच मूल वाजवताना दिसते. दोन्हींची धरणी निराळी. साइड ड्रमला दोन काड्या लागतात आणि डाव्या हाताची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आडवी धरावी लागते. ढोलाला एका हाती टिपरू आणि दुसऱ्या हाताची उघडी थाप. एकावरून दुसऱ्यावर गेले की आठ-पंधरा दिवस मनगट दुखते, मग बसते.