आजाऱ्यामागचें बिऱ्हाड

श्रोतेहो, राजानें राजधानी हलविली तर इतिहासांत त्याची नोंद होते. दुष्काळानें गांवें उठलीं तर सरकारी दप्तरांत त्याचा दाखला राहतो. परंतु घरांतील एक माणूस आजारी पडला म्हणून ज्या कुटुंबानें भांडींकुंडीं बांधलीं, दारास कुलूप लाविलें आणि जेथें आपली भाषा चालत नाहीं, आपल्याला कोणी ओळखत नाहीं अशा मुलखांत बिऱ्हाड थाटलें, त्या कुटुंबाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. आजच्या भाषणांत त्या न लिहिलेल्या इतिहासाचीं कांहीं पानें आपणांपुढें ठेवावयाचीं आहेत. आरंभ नगर जिल्ह्यांतील कोल्हार या गांवापासून करूं.

कोल्हार हें प्रवरेच्या कांठचें, भगवतीदेवीचें गांव. नगरहून मनमाडकडे जाणारा हमरस्ता येथेंच प्रवरा ओलांडतो. इंग्रजी अमदानींत हा मुलूख ब्रिटिश सरकारचा होता आणि जिल्ह्याच्या हद्दीवरील गोदावरी ओलांडली कीं निजामाचें राज्य लागे. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि ह्या भागांतील माणसास बैलगाडीनें बेलापूर स्टेशन गांठून सगळ्या हिंदुस्थानची वाट मोकळी झाली. व्यापाऱ्याला ती वाट जशी उपयोगी पडली, तशीच ती आजाऱ्यासहि पडली. गांवचा वैद्य, घरचा काढा आणि देवाचा अंगारा हे तिन्ही उपाय थकले म्हणजे दूरच्या कोणत्या तरी गांवाचें नांव घरांत निघूं लागे. मग प्रश्न एवढाच उरे कीं, बरोबर जावयाचें कोणी आणि मागें राहावयाचें कोणी?

अशा प्रवासाचें फार जुनें ठिकाण म्हणजे गाणगापूर. भीमा-अमरजा संगमावरील हें दत्तक्षेत्र निजामाच्या राज्यांत होतें. पुढें १९५६ सालीं तें म्हैसूर राज्यांत गेलें आणि आज कर्नाटकांत आहे. दौंडास गाडी बदलून सोलापूरच्या पुढें गाणगापूर रोड स्टेशनावर उतरावयाचें, हा मार्ग महाराष्ट्रांतील हजारों कुटुंबांच्या परिचयाचा होता. मनाचे विकार, अपस्मार, ज्याला लोक 'बाधा' म्हणत तीं दुखणीं, यांनीं पीडलेल्या माणसास तेथें घेऊन जात आणि आठवडे नव्हे, महिनेच्या महिने सेवेस राहत. सकाळीं संगमावर स्नान, दुपारीं माधुकरी, सायंकाळीं पालखी असा तेथील दिनक्रम असे.

ह्या सेवेनें रोग किती बरे होत हा प्रश्न वैद्यकाचा आहे. मनाच्या रोगांवर आज औषधें आहेत आणि तीं घेतलींच पाहिजेत, याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. पण इतिहासाच्या दृष्टीनें पाहतां एक गोष्ट ध्यानांत येते. रोग्याबरोबर त्याचें माणूस येणारच, हें त्या क्षेत्रानें आधींच गृहीत धरिलें होतें. त्या माणसास टेकावयास ओवरी होती, पोटास माधुकरी होती, आणि 'तुम्ही आतां किती दिवस राहणार?' असें विचारणारें कोणी नव्हतें. परमुलखांत आलेल्या कुटुंबाला जें हवें असतें त्यांतील उपचार सोडून बाकीचें बहुतेक सर्व तेथें होतें.

उपचारासाठीं नांवारूपास आलेलें गांव म्हणजे मिरज. दक्षिण महाराष्ट्रांत त्या काळीं पटवर्धन घराण्याच्या संस्थानांची गर्दी होती. थोडे कोस चाललें कीं राज्य बदले. कुरुंदवाड संस्थानांत १८७२ सालीं विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म झाला. वडील कीर्तनकार होते. लहानपणींच दारूकामाच्या अपघातांत मुलाच्या डोळ्यांस इजा झाली आणि कुरुंदवाडास तसा उपचार नसल्यानें त्याला शेजारच्या मिरज संस्थानांत नेण्यांत आलें. दृष्टि कायमची अधू राहिली. परंतु मिरजेसच पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. मुलगा त्यांच्यापाशीं राहिला, मिरजेच्या अधिपतींचा त्यास आश्रय मिळाला आणि १८९६ सालीं तो मिरजेबाहेर पडला तो गवई होऊनच. पुढें ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापणारे ते हेच. डोळ्यांसाठीं ज्या गांवीं आणिलें त्या गांवानें डोळे दिले नाहींत, पण आयुष्य दिलें. आणि १९३१ सालीं त्यांचें देहावसानहि मिरजेसच झालें.

श्रोतेहो, ह्या हकीकतींत एक बोध आहे. आजाऱ्यास घेऊन आपण नव्या गांवीं जातों तेव्हां आपल्या नजरेपुढें फक्त इस्पितळ असतें. पण आजारी मनुष्य दिवसांतून घटकाभर रोगी असतो आणि उरलेला सर्व वेळ तो कोणाचा तरी मुलगा, विद्यार्थी, शेजारी, कारागीर असतो. त्या उरलेल्या वेळाची सोय ज्या गांवीं होते तें गांव त्याला मानवतें. ती जेथें होत नाहीं तेथें उत्तम औषधहि अपुरें पडतें.

मिरजेची ख्याति पुढें सर्वदूर पसरली ती डॉ. विल्यम वानलेस यांच्यामुळें. मूळचे कॅनडाचे हे शस्त्रवैद्य १८८९ सालीं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ह्या देशांत आले आणि १८९४ सालीं त्यांचें मिरजेंतील इस्पितळ उघडलें. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं दूरदूरच्या इलाख्यांतून आणि संस्थानांतून माणसें तेथें येऊं लागलीं. मिरज हें लोहमार्गाचें जंक्शन असल्यानें तीं येऊं शकलीं हें विसरतां कामा नये. शस्त्रवैद्याच्या हाताचें यश गांवोगांव पोहोंचविण्याचें काम आगगाडीनें केलें. क्षयरोग्यांसाठीं त्यांनीं मिरजेबाहेर वेगळें आरोग्यधाम उभारलें आणि त्याभोंवतालच्या वस्तीस वानलेसवाडी हें नांव पडलें. आज तें एका वस्तीचें नांव आहे. तेथें राहणाऱ्या कित्येकांस त्यामागील रोग्यांची आठवणहि नसेल.

मोतीबिंदू आणि क्षय यांत कुटुंबाच्या दृष्टीनें मोठें अंतर आहे. मोतीबिंदूसाठीं गेलेला म्हातारा कांहीं आठवड्यांत परत येई. त्याच्याबरोबर मुलगा गेला तर पेरणीचा हंगाम फार तर हुके. क्षयाचें तसें नव्हतें. औषध नव्हतें, स्वच्छ हवा, विश्रांति व सकस अन्न हाच उपचार, आणि त्याची मुदत महिन्यांत नव्हे, वर्षांत मोजावयाची. पांचगणीस डॉ. बिलिमोरिया यांनीं १९१२ सालीं क्षयरोग्यांसाठीं बेल-एअर आरोग्यधाम स्थापन केलें. अशा ठिकाणीं राहावयाचें म्हणजे घरास दोन चुली होत. एक चूल गांवीं, दुसरी डोंगरावर. आणि दोन्हींसाठीं मिळवावयाचें एकानेंच. रोग्याच्या फुप्फुसाआधीं कुटुंबाची शिल्लक संपे.

संपन्न घराण्यांसहि हें चुकलें नाहीं. १९२६ च्या मार्चमध्यें जवाहरलाल नेहरू हे क्षयानें आजारी असलेल्या पत्नी कमलाबाई आणि कन्या इंदिरा यांसह मुंबईहून बोटीनें युरोपास निघाले. स्वित्झर्लंडांत जिनेव्हास त्यांनीं बिऱ्हाड केलें, मुलीस तेथील शाळेंत घातलें आणि १९२७ च्या अखेरीस ते परतले. पुढें कमलाबाईंचा आजार पुन्हां उलटला आणि २८ फेब्रुवारी १९३६ रोजीं स्वित्झर्लंडांतच, लोझान येथें, त्यांचें देहावसान झालें. पैसा, विद्या, ओळखी, सर्व कांहीं असलेल्या कुटुंबाची जर ही ओढाताण, तर प्रवराकांठच्या कुळवाड्याची काय कथा?

ह्या कथेस कलाटणी मिळाली ती मद्रासेंत. १९४४ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध जाहीर झाला, १९५२ सालीं आयसोनायझिड उपयोगांत आलें, आणि क्षयावर खरेंखुरें औषध हातीं लागलें. तेव्हां प्रश्न निघाला, रोग्यास आरोग्यधामांत नेलेंच पाहिजे काय? १९५६ सालीं मद्रासेंत यासाठीं एक केंद्र स्थापण्यांत आलें. शहरांतील गरीब, दाटीवाटीनें राहणाऱ्या रोग्यांपैकीं कांहींना आरोग्यधामांत ठेविलें, कांहींना घरींच औषधें दिलीं. १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर दोन्हींकडील गुण जवळजवळ सारखा होता, आणि घरीं राहिलेल्या रोग्यांमुळें घरच्यांस अधिक लागण झाली असेंहि दिसलें नाहीं. हवा, अन्न आणि विश्रांति यांहून नियमानें घेतलेलें औषध श्रेष्ठ ठरलें. एका प्रयोगानें जगांतील असंख्य कुटुंबांचें दुसरें बिऱ्हाड वांचविलें.

मात्र सर्वच रोगांना हें भाग्य लाभलें नाहीं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें परदेशांत निवर्तल्या. तसा उपचार स्वदेशीं मिळावा ह्या त्यांचे पति सर दोराबजी यांच्या इच्छेचें फळ म्हणजे २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईस परळ येथें उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालय. विलायतेचा प्रवास त्यानें वांचविला. पण बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश येथील कुटुंबांचा प्रवास मुंबईकडे वळला. एकेका उपचारास महिने लागतात. मुंबईचें भाडें परवडत नाहीं. आणि त्या रस्त्यांच्या कडेला पथारी पसरून राहिलेलीं कुटुंबें मुंबईकरांनीं पिढ्यानपिढ्या पाहिलीं आहेत. गाडगे महाराजांच्या नांवानें चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेसारख्या संस्थांनीं अशा कुटुंबांस छप्पर दिलें. गाणगापूरच्या ओवरीचें काम शहरांत धर्मशाळेनें चालविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. अलीकडे, १९१९ नव्हे तर शंभर वर्षांनंतर २०१९ सालीं, वाराणसीस त्याच संस्थेचें मोठें कर्करोग रुग्णालय सुरू झालें. रोग्यानें उपचाराकडे जाण्याऐवजीं उपचारानें रोग्याकडे जावें, हा मद्रासचाच न्याय येथें निराळ्या रीतीनें लागू झाला.

आतां राज्यांच्या सीमांविषयीं. ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतील संस्थानें मुंबई इलाख्यांत विलीन झालीं. कुरुंदवाड आणि मिरज यांमधील सीमा पुसली गेली. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. जुन्या सीमेवर नाकें असे. नव्या सीमा जमिनीवर दिसत नाहींत, त्या कागदांवर असतात. राज्याच्या आरोग्ययोजनेस त्या राज्याची शिधापत्रिका वा अधिवासाचा दाखला लागतो. नव्या राज्यांत गेलेल्या कुटुंबापाशीं तो नसतो, आणि ज्या दिवसांत मदतीची निकड सर्वाधिक तेच दिवस कागद जमविण्यांत जातात. ह्यांतहि हळूहळू वाट निघत आहे. २०१८ सालीं सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचा लाभ पात्र कुटुंबास दुसऱ्या राज्यांतील संलग्न रुग्णालयांत घेतां येतो. शिधापत्रिकेवरील धान्य दुसऱ्या राज्यांत उचलण्याची सोय २०१९ पासून क्रमाक्रमानें होत २०२२ पर्यंत देशभर पोहोंचली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल ह्या रक्तविकारांचाहि समावेश झाला आणि दिव्यांगांचें ओळखपत्र देशभर ग्राह्य झालें.

मग ज्या कुटुंबावर अशी वेळ येते त्यानें ह्या इतिहासापासून काय घ्यावें? पहिलें हें कीं, घर पाहण्याआधीं रुग्णालय पाहावें आणि निघण्याआधींच तेथील तज्ज्ञाची वेळ ठरवावी. जुने आणि नवे वैद्य यांमध्यें खंड पडतो तेथेंच रोग उलटतो. दुसरें, आजाराचे सर्व कागद, तपासण्या आणि औषधांचीं मूळ नांवें लिहून बरोबर घ्यावीं, कारण व्यापारी नांव मुलखागणिक बदलतें. आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें कांहीं आठवड्यांचें औषध जवळ ठेवावें. तिसरें, मिळवत्या माणसाचें काम आणि मुलांची शाळा ह्या गोष्टी उपचाराबाहेरच्या आहेत असें मानूं नये. चुली दोन झाल्या कीं काय होतें तें आपण पाहिलेंच आहे. आणि चौथें, जो सोबतीस राहतो त्याच्या झोंपेची व जेवणाची चिंता कोणी तरी करावी. कारण रोग्याचा सर्व भार शेवटीं त्याच्याच खांद्यावर असतो.

श्रोतेहो, कोल्हारपासून थोड्याच मैलांवर लोणी हें गांव आहे. १९५० च्या सुमारास तेथें विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच परिसरांत पुढें रुग्णालय झालें आणि १९८४ सालीं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालें. बैलगाडीनें बेलापूर स्टेशन गांठून, दोनदां गाड्या बदलून ज्या उपचारांसाठीं मिरजेस जावें लागे, त्यांतील पुष्कळ आज कोल्हारच्या माणसास सकाळीं जाऊन सायंकाळीं परत येण्याच्या अंतरावर मिळतात. असाध्य व दुर्मिळ रोगांसाठीं कांहीं कुटुंबांना दूर जावें लागतें आणि पुढेंहि लागेल. परंतु ज्या समाजानें आजाऱ्याबरोबर त्याच्या बिऱ्हाडाचाहि विचार केला, त्या समाजांत तीं कुटुंबें परमुलखांतहि परकीं राहत नाहींत. इस्पितळांचीं नांवें आणि सनावळ्या इतिहास लिहून ठेवतोच. त्या इस्पितळांच्या आवाराबाहेर तीन दगडांची चूल मांडून ज्यांनीं महिनोन्महिने वाट पाहिली, त्यांचीहि नोंद त्याच पानावर असावी, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.