बिडी सोडायची, पण कोणाच्या साथीने?

धूम्रपान सोडण्याचा निश्चय बहुतेक माणसे मनातल्या मनात करतात. कोणाला सांगितले आणि जमले नाही तर हसे होईल, ही त्यामागची भीती. त्यामुळे सकाळी केलेला निश्चय संध्याकाळी मोडला, तरी त्याला साक्षीदार नसतो. गोंदिया शहरालगतच्या मुर्रीसारख्या ठिकाणी तर अडचण आणखी वेगळी आहे. या भागात बिडी हा एकट्याचा शौक नाही. पानठेल्यावर ओळखीचा भेटला, की बंडल पुढे करणे हा आदरसत्काराचाच भाग समजला जातो. शिवाय भंडारा-गोंदियाचा हा पट्टा तेंदूपानांचा. उन्हाळ्यात जंगलातून पाने तोडून त्यांची पुडकी बांधणे आणि घरी बसून बिड्या वळणे, यांवर येथील अनेक कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या पोट भरले आहे. ज्या वस्तूने घर चालवले तीच सोडायची, आणि तीही घरातल्यांच्या मदतीने, हे वाटते तितके सरळ नाही.

बिडी पानाची असते म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. तेंदूच्या पानातून हवा सहजी आत जात नाही. बिडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने झुरके घ्यावे लागतात. तंबाखू कमी असूनही निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा मारा त्यामुळे कमी होत नाही. निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. ते मिळेनासे झाले, की चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, वाढलेली भूक आणि कामात लक्ष न लागणे असा त्रास सुरू होतो. पहिला आठवडा सर्वांत कठीण. तीन-चार आठवड्यांत हा त्रास बराचसा ओसरतो. घरच्यांना याची कल्पना नसेल, तर त्यांना फक्त भांडखोर झालेला माणूस दिसतो. मग ‘एखादी ओढा, पण असे अंगावर येऊ नका’ असे घरातूनच म्हटले जाते आणि निश्चय तिथेच संपतो.

सोबतीचा प्रभाव किती असतो, हे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील अभ्यासातून दिसले. १९७१ ते २००३ या काळातील १२,०६७ व्यक्तींच्या नोंदी तपासून त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पती किंवा पत्नीने धूम्रपान सोडले, तर जोडीदार धूम्रपान करण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटत होती. मित्राने सोडले तर ३६ टक्क्यांनी. माणसे सुटी सुटी नव्हे, तर गटागटाने धूम्रपान सोडत होती. पानठेल्यावरच्या चौघांपैकी एकाने सोडण्यापेक्षा दोघांनी मिळून सोडणे सोपे, असा याचा अर्थ घेण्यास हरकत नाही.

तयारी कशी करावी?

दोन आठवड्यांच्या आतली एक तारीख ठरवावी. ती लग्नसराईत किंवा धानकापणीच्या धावपळीत नको. तोपर्यंत रोज ओढलेल्या प्रत्येक बिडीची वेळ आणि कारण वहीत टिपावे. चहानंतरची, शौचाला जाण्यापूर्वीची, मालकाशी वाद झाल्यावरची, नुसतीच कोणी दिली म्हणून घेतलेली. दोन-तीन दिवसांतच ध्यानात येते, की यांतल्या बऱ्याच बिड्या तलफेच्या नसून सवयीच्या किंवा संकोचाच्या आहेत. तलफ आली तरी ती काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढण्याची युक्ती आधीच ठरवून ठेवावी.

यानंतरची पायरी लोक टाळतात, ती म्हणजे इतरांना सांगणे. ‘मला मदत करा’ एवढे सांगून भागत नाही. प्रत्येकाला नेमके काम द्यावे. घरातल्यांनी खिसे तपासू नयेत, तोंडाचा वास घेऊ नये आणि चिडचिड महिनाभर मनावर घेऊ नये. मित्रांनी बंडल पुढे करू नये. तलफ आली, की रात्रीही फोन करता येईल असा एक माणूस हवा. तो स्वतः व्यसनातून सुटलेला असेल तर उत्तम. घरात बिड्या वळल्या जात असतील, तर सूप दुसऱ्या खोलीत हलवावे आणि तयार बिड्यांची मोजणी, ने-आण काही आठवडे दुसऱ्याकडे द्यावी. रोजगार एका दिवसात बदलत नाही. पण तेवढ्यासाठी सोडणाऱ्याची परीक्षा घेण्याचे कारण नाही.

विदर्भात आणखी एक धोका आहे, तो खर्ऱ्याचा. बिडी सोडली म्हणून खर्रा सुरू करणारे अनेक जण भेटतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले होते. तंबाखू चघळणे ही सुटका नव्हे.

बिड्या हळूहळू कमी कराव्यात की एकदम सोडाव्यात, हा नेहमीचा प्रश्न. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर टप्प्याटप्प्याने सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के जण चार आठवड्यांनंतरही धूम्रपानापासून दूर होते. दोन्ही गटांना समुपदेशन आणि निकोटिनचे पर्यायही मिळत होते, हे मात्र विसरू नये.

व्यसनमुक्तीत घराला सामील करून घेण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणने रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवले. गोंदियाच्या शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ने दारू आणि तंबाखू हा गावाचाच प्रश्न मानून गावोगावी संघटना उभ्या केल्या. जवळ असे कोणी नसेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर नि:शुल्क समुपदेशन मिळते. तलफ फारच तीव्र असल्यास, हृदयविकार असल्यास किंवा गर्भवती स्त्रीच्या बाबतीत निकोटिनचा च्युइंगम वा औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

एखादी बिडी ओढली गेलीच, तर ज्याला फोन करायचे ठरले होते त्याला त्याच दिवशी सांगावे, आणि ऐकणाऱ्याने फक्त एवढेच विचारावे, की ती कुठे आणि कोणासोबत ओढली. वहीत तेवढी एक नोंद वाढते. तारीख तीच राहते.