लक्ष्मीबाई टिळकांचा श्रद्धामार्ग

कवि नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांस तो केवळ आघात होता. चार-पांच वर्षें वियोगांत गेलीं. पुढें त्या अहमदनगरास पतीजवळ येऊन राहिल्या खऱ्या. परंतु सोवळें, स्वतंत्र स्वयंपाक, निराळें पाणी, यांतलें कांहींच सुटलें नाहीं. टिळकांनींहि आग्रह धरला नाहीं, आणि त्यांचा तापट स्वभाव पाहतां हें विशेषच म्हणावयाचें.

सामान्यतः आधीं मत पालटतें व मागून आचार. येथें क्रम उलटा झाला. ज्या पित्याच्या घरीं सोवळ्याचा अतिरेक होता, त्या घरच्या या कन्येची प्रथम शिवाशिव गळाली. जातिभेद ईश्वरानें केला नसून मनुष्यानें केला, हें एकदां मनास पटल्यावर त्यांनीं सर्वांच्या हातचें अन्नपाणी घेतलें. ख्रिस्तावरील विश्वास त्यानंतर आला. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

१९१९ सालीं टिळक वारले. त्यांचें 'ख्रिस्तायन' हें काव्य दहा-अकरा अध्यायांवरच थांबलें होतें. लक्ष्मीबाई शाळेंत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख पतीनेंच करून दिलेली. तरी उतारवयांत त्यांनीं तें अपुरें काव्य हातीं घेतलें व ६४ अध्याय रचले. 'स्मृतिचित्रें'चा पहिला भाग निघाला तोहि याच काळांत, १९३४ सालीं. १९३६ सालीं त्या निवर्तल्या. काव्याचा शेवटचा अध्याय पुत्र देवदत्त यांनीं लिहिला.