खेळाचे पान आणि संग्रहाचे पान : सावंतवाडीच्या गंजिफाचा विचार

संग्राह्य पत्त्यांच्या निर्मितीचा इतिहास पाहता, पत्ता ज्या प्रयोजनासाठी जन्मला ते लोपल्यावरही तो टिकून राहतो, असे आढळते. अमेरिकेत ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने १९५२ मध्ये बेसबॉलपटूंच्या ४०७ पत्त्यांचा संच काढला, तो च्युइंगम खपावा म्हणून. १९९० च्या दशकाच्या आरंभी पुडीतून गमच वगळला गेला. संग्राहकांना त्याचे फारसे दुःख नसावे. गमाचे डाग पत्त्यांवर पडत.

कोकणात सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी घडविलेल्या गंजिफाची गत अशीच झाली. मात्र येथे लोपत गेला तो प्रत्यक्ष खेळच. छापील पत्त्यांपुढे हाताने रंगविलेली गोल पाने मागे पडली. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना आश्रय देऊन ही कला सावरली. आज गिऱ्हाईक आहे ते प्रामुख्याने संग्राहकाचे व पर्यटकाचे. कलेच्या दृष्टीने हे इष्टच. परंतु खेळाच्या नियमांचे काय?

चौकटीत मढविलेल्या संचावरून ते उमगत नाहीत. दशावतारी संचात १० अवतारांची प्रत्येकी १२, म्हणजे एकूण १२० पाने असतात. राजा व प्रधान यांच्याखालील दहा पानांचा क्रम पाच अवतारांत दश्शीपासून उतरतो, तर उरलेल्या पाचांत एक्काच वरचढ ठरतो. दिवसा ज्याच्या हाती रामाचा राजा तो डाव सुरू करतो. रात्री हा मान कृष्णाच्या राजाकडे जातो.