१४ एप्रिलची दुसरी आठवण

जुन्नर-आंबेगावात १४ एप्रिलला निळे झेंडे लागतात. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. का, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज पेटलं. आत सुमारे १४०० टन स्फोटकं, आणि त्यांच्याच सोबतीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी! असा माल एकत्र भरणारे वेगळे आणि विझवायला शिरणारे वेगळे. स्फोटकांचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. हाती होता पाण्याचा पाइप. ९०० टनांवर पाणी ओतलं, आग हटली नाही. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटलं, अर्ध्या तासाने पुन्हा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

बाबासाहेब त्या दिवशी ५३ वर्षांचे झाले. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. चार महिन्यांपूर्वीच कामगारांची स्थिती पाहायला ते धनबादच्या कोळसा खाणीत उतरले होते.

यंदा जयंती मंडळांनी माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकावा: आपल्या तालुक्यात बंबावर जाणाऱ्यांना बूट, हेल्मेट, श्वसनयंत्र मिळतं का? ते कायम आहेत की कंत्राटी?